‘जत्रा माणसाला आज्ञाधारक करते’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेवरच्या, म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वराच्या यात्रेवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसं एकमेकांना धरून राहायला शिकली ती आधी जत्रेत, गिरणीत आणि वाड्यात. शाळेनं त्याला नंतर शब्द दिले, हक्काची भाषा दिली. तुमचं म्हणणं असं की हे धर्माचं उदात्तीकरण आहे, जत्रेतला मानपान जातीवर चालतो, खर्च आणि गोंगाट वाया जातो, महात्मा फुल्यांनी हे कधीच निकालात काढलं आहे, आणि ‘जत्रा आणि भजनं माणसाला आज्ञाधारक करतात, विचारी फक्त शाळा करते’. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘शाळेची पायरी चढलेल्या बाईनं असं लिहावं याचं आश्चर्य वाटतं.’

गोंगाटाचं मान्य. होम मैदानावर आता पाळणे आणि लाऊडस्पीकर इतके झालेत की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ते कमी व्हायला हवं.

पण पायरीचं वाक्य मी सोडून देणार नाही. मतभेद असू द्या, कडक शब्दांत असू द्या. हेच वाक्य एखाद्या पुरुष लेखकाला तुम्ही लिहिलं असतंत का? मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. वडील चादरीच्या मागावर आणि आई घरी विड्या वळायची. मजुरी हजारावर. त्यातही छाट काढून विड्या बाजूला टाकल्या की त्यांचे पैसे गेले, त्याची दाद कुणाकडे मागायची हे तिला माहीत नव्हतं. मी शाळेतून आले की पानं कापायला बसायची, दोरा गुंडाळायची आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवायची. दहावीच्या फीचे पैसे गल्लीतल्या बायकांच्या भिशीतून आले. आईचा नंबर नव्हता, तो शेजारच्या कन्नड आजीचा होता आणि तिनं तो सोडला. त्या आजीला अक्षरओळख नव्हती. शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरच्या संतांची, वचनं मात्र तिला तोंडपाठ होती. तेव्हा शाळेची किंमत काय असते हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत विडी कामगारांच्याच मुलांना शिकवलं.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. जत्रा आज्ञाधारक करते म्हणता. मग 1930 चं सोलापूर कुठून आलं? त्या वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर असं पेटलं की काही दिवस इथे सरकारचा अंमलच उरला नव्हता, आणि इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला. रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते. त्यांतल्या कितीजणांनी शाळा पाहिली होती? 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले चौघे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं नुसती एकापाठोपाठ वाचली तरी या शहराच्या चार गल्ल्या डोळ्यांसमोर येतात. हा दिवस दरवर्षी गड्ड्याच्या तोंडावर येतो. हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालणारी कितीतरी माणसं एक-दोन दिवसांनी गड्ड्यात संमती कट्ट्यावर सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता टाकायला उभी असतात. त्यांना आज्ञाधारक म्हणायचं असेल तर जरा विचार करून म्हणा.

ज्याच्या नावानं ही जत्रा भरते तो सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातला, बसवण्णांच्या काळातला. त्यानं तळं खोदवलं, शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि पुढे शरणांच्या मेळ्यात जाऊन बसला. त्या मेळ्यानं वर्णाची उतरंड नाकारली आणि कष्टाला पूजेइतकी किंमत दिली. गड्ड्यात सिद्धरामाचा जो प्रतीकात्मक विवाह लागतो तो कुंभाराच्या मुलीशी. तिच्या माहेरचा मान आजही कुंभारांच्या घराण्याकडे आहे. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्या, निघतात, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. पांढरी बाराबंदी घालून तरणी पोरं ती उंच काठी पेलतात, त्याआधी कितीतरी दिवस सराव करतात. काठी झुकली की जवळचा हात पुढे येतो, तो कुणाचा आहे हे कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातली पोरं हे बघून यायची. त्यांना ‘सहकार्य’ हा धडा शिकवताना मला फार बोलावं लागायचं नाही.

आणि शाळा फक्त विचारी करते, हे तरी खरं आहे का? मी ज्या शाळेत शिकले तिथे वर्गात तेलुगू बोललं की हातावर पट्टी बसायची. घंटा झाली की रांग, रांगेत हाताची घडी, प्रश्न विचारला की ‘आगाऊ’. आज्ञाधारकपणा मी तिथेच शिकले. पुढे शिक्षिका झाल्यावर परिपाठाला प्रतिज्ञा घेताना मला एक गोष्ट कायम सांगावीशी वाटायची. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये लिहिली, आणि मूळ लिहिली ती तेलुगूत. ज्या भाषेसाठी मी पट्टी खाल्ली, त्याच भाषेत! हे मला शाळेनं सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी मीच शोधून काढलं आणि माझ्या मुलांना सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, पोरी पहिल्यांदा ताठ बसल्या.

म्हणून मी शाळेच्या विरुद्ध आहे असा अर्थ काढू नका. तो तुम्ही आधीच काढला आहे. माझं म्हणणं साधं आहे. मूल्यं पाठ करून अंगात येत नाहीत, एकत्र राबून आणि एकत्र जेवून येतात. जी शाळा हे करते ती जत्रेइतकीच मोठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा काय केलं? सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत, हातांनी काम. समतेवर भाषण ऐकून ती मुलं बदलली नाहीत. शेजारच्याच्या ताटातली भाकरी खाऊन बदलली.

फुल्यांचा हवाला तुम्ही दिलात, त्यानं तर मला वाईटच वाटलं. मुलींची शाळा 1848 ला आणि सत्यशोधक समाज 1873 ला, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. भटशाहीवर त्यांनी आसूड ओढला, खरं. पण त्यांचं शेवटचं पुस्तक, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली छापलं गेलं, ते ‘सार्वजनिक सत्यधर्म’ आहे. निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याला, मानणारा, सगळ्या स्त्री-पुरुषांना समान धरणारा धर्म त्यांना हवा होता. फुल्यांनी धर्म निकालात काढला असं लिहिण्याआधी ते पुस्तक उघडायला हवं होतं. निदान शाळेची पायरी चढलेल्या माणसानं.

आपल्याच गावाकडे बघा. दयानंद महाविद्यालय 1940 चं, आर्य समाजाच्या डी.ए.व्ही. या शिक्षण चळवळीतून आलेलं. वालचंद महाविद्यालयामागे जैन समाजाची पुण्याई. पद्मशाली समाजानं आपल्या शाळा काढल्या. लिंगायतांनी काढल्या, मुस्लिमांनी काढल्या. देवळाच्या आणि जमातीच्या पैशांतून वर्ग उभे राहिले आणि त्या वर्गांत पुढे सगळ्यांची पोरं बसली. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ ओढणारी माणसं दुसऱ्या दिवशी त्याच शाळांच्या मीटिंगला बसतात. तुम्ही धर्म एका खोलीत आणि शाळा दुसऱ्या खोलीत ठेवता. सोलापूर तसं वसलेलंच नाही.

धर्मानं माणसं बाहेर ठेवली नाहीत का? ठेवली. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथलं दार हरिजनांसाठी उघडावं म्हणून मे 1947 मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. पण ते उपोषण करणारा माणूस शिक्षक होता आणि विठ्ठलाचा भक्तही होता. त्यातलं नेमकं कोणतं अंग उपाशी राहिलं, हे मला वेगळं करून सांगता येत नाही.

बाकी मुद्द्यांवर फार लिहीत नाही. खर्चाबद्दल तुम्ही आकडा दिलात, तो कुठून आणलात ते सांगितलं नाहीत, म्हणून उत्तर देत नाही. मानपानातली उतरंड हा मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, इथे चार ओळींत उरकणार नाही. संविधान मोठं की जत्रा, असा प्रश्नच मी विचारलेला नव्हता. माझ्या जुन्या लेखांची यादी देऊन ‘लेखिकेचा कल उघड आहे’ असं लिहिलंत, ते वाचून चर्चा करायची की हजेरी घ्यायची हे तुमचं ठरलं नव्हतं असं वाटलं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचं लिहायचं असेल तर टोपणनाव सोडून स्वतःच्या नावानं लिहा. मी उत्तर देईन.