‘दुधाचे दात पडणारच, मग डॉक्टर कशाला?’

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा सारांश असा: दुधाचे दात पडणारच, त्यांवर पैसे घालवू नका, मूल दुखतंय म्हणत नाही तोवर दवाखाना नको, दुखलंच तर लवंगेचं तेल लावा, दात येताना ताप-जुलाब होतातच, पहिली तपासणी पक्के दात आल्यावर.

‘पडणारच आहेत.’

पडणार हे खरं, पण सगळे एकदम नाहीत. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ आपोआप पडायला अजून सहा-सात वर्षं असतात. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ आणि आतली नस मोठी, त्यामुळे कीड काही महिन्यांतही नसेपर्यंत जाऊ शकते. मुळाशी पू साठला, की त्याखाली घडत असलेल्या पक्क्या दातावर परिणाम होऊ शकतो आणि तो डाग किंवा खड्डा घेऊनच वर येतो. शेवटची दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिच्यामागची पक्की दाढ पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या दाताची जागा खाते. म्हणून अकाली दाढ काढल्यावर डॉक्टर बहुधा तिथे तारेचा स्पेस मेंटेनर (रिकामी जागा राखून ठेवणारं साधन) बसवायला सांगतात.

याच समजुतीपायी आणखी एक घोटाळा होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ कुठलाही दात न पडता, सगळ्यांत मागे, गुपचूप उगवते. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडायची वाट बघत बसतात. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा: पाच दुधाचे, सहावी दाढ पक्की. तिच्या खोल खाचांत अन्न अडकतं, म्हणून ती पूर्ण वर येताच सीलंटबद्दल, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या पातळ थराबद्दल, डॉक्टरांना विचारावं.

‘दुखत नाही तोवर नको.’

संदेशातलं सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच, कारण किडीत दुखणं बरंच उशिरा येतं. मुलाच्या तक्रारीची वाट न बघता महिन्यातून एकदा स्वतः बघावं. लहान मुलाचं डोकं मांडीवर घ्या, वरचा ओठ उचला, दात कोरड्या फडक्याने टिपा आणि टॉर्च मारा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही; टिपल्यावर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. या टप्प्यावर अजून खड्डा नसतो. दवाखान्यात फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावलं आणि झोपताना दुधाची बाटली बंद केली, तर कीड बहुतेकदा तिथेच थांबवता येते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीची बाटली अधिक घातक. बाटलीच्या किडीत वरचे दात किडतात, खालचे पुढचे बहुधा जिभेआड वाचतात. खालचे स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत राहू नये.

पिवळा-तपकिरी डाग किंवा खड्डा, एकाच बाजूने चावणं, घास गालात धरून ठेवणं, गार पाणी टाळणं, पडल्यानंतर राखाडी झालेला दात ही सगळी दवाखान्यात जायची कारणं. हिरडीवरची पुवाची पुटकुळी विशेष फसवी. ती फुटली, की पू बाहेर जातो, दुखणं थांबतं, घरचे म्हणतात बरं झालं. खरं तर नस मेलेली असते आणि संसर्ग तसाच असतो.

‘लवंगेचं तेल लावा.’

त्यातल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिरपणा येतो, कीड तिथेच राहते. शुद्ध तेलाने हिरडी भाजते. लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशी ठेवणं तर अजिबात नको. दवाखान्यात पोचेपर्यंत कोमट पाण्याची चूळ आणि वजनानुसार पॅरासिटामॉल पुरे.

‘दात येताना ताप-जुलाब होतातच.’

लाळ, चिडचिड, हिरडी सुजणं होतं. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि जुलाब यांचं कारण मात्र दुसरं असतं. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, नाहीतर खरा आजार दातांच्या नावाखाली लपतो.

‘पक्के दात आल्यावर तपासणी.’

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत. पहिला दात दिसताच ब्रशही सुरू करावा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, मोठ्यांच्या हाताने. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

गाल किंवा जबडा सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे चढू लागली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावं. पडून दुधाचा दात निखळला तर तो परत बसवू नये. पक्का दात निखळला तर मूळ न धरता वरचा भाग धरून उचलावा, माती असल्यास क्षणभर धुवावा, जमल्यास लगेच जागेवर बसवावा; नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा.