‘मॉर्फिन दिलं की चार दिवसांत माणूस जातो’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. आधी आमच्या घराण्याच्या, मग सोसायटीच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि शेवटी भजनी मंडळाच्या. थोडक्यात असा: ‘डॉक्टरनं पॅलिएटिव्ह लिहून दिलं की समजा त्यानं हात वर केले. मॉर्फिन देतात, म्हणजे अफू. माणूस गुंगीत जातो आणि चार दिवसांत संपतो. हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारात माणसाला सांभाळणारी जागा, हे परदेशी खूळ, आपल्याकडे घर आहे, लेकरं आहेत. हे सगळं कॅन्सरवाल्यांपुरतं आणि इच्छामरणाचं मागचं दार. सावध राहा.’ खाली हात जोडलेली तीन चित्रं.

मी डॉक्टर नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं कॅन्सर होऊन माझ्या काकांचा गाल पोखरला तेव्हा साडेचार महिने त्यांची पट्टी मी बदलली. आता दर शनिवारी घरोघरी जाऊन असे रुग्ण बघणाऱ्या एका नर्सताईंना स्कूटरवर नेते. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही.

‘हात वर केले’ इथून सुरुवात करू. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, दम लागणं, मळमळ, जखमेचा वास, झोप उडणं, घरच्यांची घालमेल या सगळ्यावरचा उपचार. तो मूळ आजारावरच्या उपचाराच्या बदल्यात नसतो, त्याच्या जोडीनं असतो. केमो सुरू असतानाही तो घेता येतो, किंबहुना तेव्हाच घ्यावा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर शरीरभर पसरलेले १५१ रुग्ण होते. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याच्या जोडीला निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. दुसऱ्या गटात उदासी कमी दिसली, शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ती माणसं जास्त जगली: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. प्रत्येक आजारात आयुष्य असंच वाढतं असा माझा दावा नाही. पण ‘पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट जवळ आणणं’ हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता मॉर्फिन. खरी भीती इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

काकांना नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या उन्हात, घरी आणलं. पुढचे दीड महिने ते साध्या गोळ्यांवर होते. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहायचे. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं की ९ लिहायचे आणि पेन्सिल आपटायचे. एकदा लिहिलं, ‘झोपू दे बापा.’ मॉर्फिनचं नाव निघालं तेव्हा काकूच आधी नाही म्हणाल्या. हाच मजकूर, वेगळ्या शब्दांत, त्यांनी तेव्हाही ऐकलेला होता.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. छोटी मात्रा, दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागू नये. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच होतं. ही जोडगोळी जो डॉक्टर विसरतो त्याचे रुग्ण चार दिवसांत मॉर्फिन सोडतात, हे मात्र खरं! पहिले दोन-तीन दिवस काका पेंगले. काकू घाबरल्या. नर्सताई म्हणाल्या, ‘महिनाभराची झोप थकलेली आहे, ती वसूल करून राहिले.’ तिसऱ्या दिवशी पाटीवर ३ आला. श्रावण संपला, पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, काकांनी लिहिलं, ‘मारबत दाखव.’ मारबत म्हणजे रोगराई हाकलायला त्या दिवशी नागपुरात मिरवतात तो पुतळा. इतवारीत ओळखीच्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्यांना बसवलं. पिवळी मारबत समोरून गेली तेव्हा ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं सगळे ओरडत होते आणि काका पाटीच हलवत होते. ते कोजागिरीनंतर गेले. आषाढीपासून मोजा आणि तुमच्या चार दिवसांशी ताडून बघा.

मग चार दिवसांचा समज येतो कुठून? आपण मॉर्फिन अगदी अखेरीला, माणूस जाण्याच्या बेतात असताना देतो. तो आजारानं जातो, नाव मॉर्फिनचं होतं. योग्य मात्रेत सुरू करून दुखण्याच्या मापानं हळूहळू वाढवलं तर ते श्वास थांबवत नाही. राहता राहिली नशा. रोज घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, म्हणून बंद करताना हळूहळू कमी करावं लागतं. पण सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. दुखणं थांबावं म्हणून घड्याळ बघून गोळी घेणाऱ्या माणसाला व्यसनी म्हणणं मला तरी क्रूर वाटतं. त्यातून हे म्हणणारे सकाळी चौकात खर्रा घोटून घेतात.

यातली गंमत, म्हणजे दुःखच, अशी की ज्या अफूपासून मॉर्फिन काढतात तिचं कायदेशीर पीक घेणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला सरकारी कारखानाच आहे. तरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ मध्ये हिशोब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के इतकंच हे औषध पोचत असल्याचं दिसलं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं एकेका गोळीसाठी इतके परवाने लावले होते की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच मंजुरीवर ते ठेवता येऊ लागलं. कागद बदलला, भीती तशीच राहिली. कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये अजूनही ते मागून मिळत नाही. तिकडे युगांडात १९९३ पासून डॉ. अ‍ॅन मेरीमन यांच्या संस्थेनं मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून स्वस्त पातळ औषध द्यायला सुरुवात केली आणि पुढे प्रशिक्षित नर्सना ते लिहून देण्याचा कायदेशीर अधिकारही मिळाला. गरीब देशाला हे परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिकडे बघावं.

‘परदेशी खूळ’ हा मुद्दा अर्धा खरा. आधुनिक हॉस्पिस सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलं. पण मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. आणि ज्याला जग आज नमुना म्हणून बघतं ते केरळचं काम तर घराघरातूनच उभं राहिलं. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली, पुढे गल्लीतले स्वयंसेवक शिकले, राज्यानं २००८ मध्ये धोरण केलं. त्यात इमारत दुय्यम होती. शेजारपाजारचे लोक, एक नर्स आणि औषधाची पिशवी, एवढ्यावर गाडा चालला.

‘आपल्याकडे घर आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं बहुधा रात्री तीनला जखमेतल्या अळ्या काढलेल्या नसाव्यात. मला काढाव्या लागल्या. टर्पेंटाइनचा बोळा कसा लावायचा, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरली की वास कसा कमी होतो, नाकातल्या नळीतून पेज कशी सोडायची, हे मला घरानं शिकवलं नाही, नर्सताईंनी शिकवलं. घर हवंच. पण घराला शिकवणारं कुणी लागतं आणि चार दिवस विसावा देणारी जागाही लागते. आपल्या नागपुरात स्नेहांचल त्यासाठीच आहे. बालाघाट-गडचिरोलीहून येऊन रुग्णालयाशेजारी खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबांचं काय? तिथं ‘घर’ म्हणजे एक स्टोव्ह आणि रोजी बुडवून उशाशी बसलेली बायको.

‘कॅन्सरवाल्यांपुरतं’ हे तर सपशेल चूक. जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मिळते ती साधारण १४ टक्क्यांना. त्यात हृदयविकार, फुप्फुसाचे जुनाट आजार, एड्स, मूत्रपिंडाचे रुग्ण आले. विदर्भात तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. त्या मुलांची कळ कधी उठते आणि कशी उठते, हे त्यांच्या आयांना विचारा.

इच्छामरणाचं मागचं दार? मृत्यू लांबवायचा नाही आणि जवळही आणायचा नाही, हे या शाखेचं पहिलं तत्त्व. यापेक्षा जास्त लिहावं असं या मुद्द्यात काही नाही.

पण त्या मजकुरात एक खरी गोष्ट आहे, ती लपवणार नाही. काही ठिकाणी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द खाट रिकामी करायला वापरतात. काकांना घरी पाठवणाऱ्यांनी कार्डावर लिहिलं होतं, ‘सेवा करावी.’ बस्. गोळी नाही, मात्रा नाही, जखमेचं काय करायचं ते नाही. बाहेर व्हरांड्यात काकूंनी ते कार्ड मला दोनदा वाचायला लावलं, मागच्या बाजूला काही असेल म्हणून. राग यावा तो यावर, आणि तो विचारून दाखवावा. घरी पाठवताय, ठीक आहे, पण दुखण्यावर काय देताय? मॉर्फिन इथं मिळतं का, नसेल तर कुठं? रात्री दम लागला तर फोन कुणाला करू? मी आता ज्या घरी जाते तिथं हे तीन प्रश्न कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून देते आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ती बाजू वर ठेवा म्हणून सांगते.