बेशरमाचा आडोसा

परवा पहाटे पावणेसहाला एका सत्तरीतल्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. "सायेब, माहं नाव नोका लिहू. नातवाच्या लग्नाची बोलनी चालू हायेत." मी तेव्हा तलावाच्या पाळीखाली, बेशरमाच्या झुडपात, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन पोटावर पालथा पडलो होतो. बदकं मोजत होतो. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या अवस्थेतल्या माणसाचं मलाही पटलं नसतं म्हणा.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे वाट बघण्याचा. हलका धान कापणीला आलेला, भारी धान शेवटच्या पाण्याची वाट बघतोय, आणि माझ्यासारखे दोन-चार रिकामटेकडे उत्तरेकडून येणाऱ्या बदकांची. सगळ्यांत आधी येतं भुवई बदक. त्यातली काही तर ऑगस्ट-सप्टेंबरातच टपकतात. मग तलवार बदक, थापट्या, गडवाल. लालसरीला थंडी पडल्याशिवाय यायचं नसतं. आणि पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून येणारे ते हंस, लग्नातल्या बड्या पाहुण्यांसारखे सगळ्यांचं जेवण होत आल्यावर येतात.

ही मंडळी प्रवास बहुतेक रात्री करतात. आकाश मोकळं हवं, वारा पाठीवर हवा. पाऊस परतला, वारा उत्तरेकडून वाहू लागला, की संध्याकाळी रिकामा पाहिलेला तलाव सकाळी भरलेला सापडू शकतो. या 'शकतो'पायी माणूस साडेचारला उठतो. बायको म्हणते, इतक्या वेळा स्पर्धा परीक्षेला उठला असतात तर कलेक्टर झाला असतात.

बसायची जागाही वाटेल ती चालत नाही. सकाळी सूर्य पाठीमागे हवा, नाहीतर समोरचं प्रत्येक बदक काळं ठिपकं दिसतं आणि थापट्याची फावड्यासारखी चोचसुद्धा ओळखू येत नाही. वाराही पाठीमागून हवा, कारण बदक उतरताना वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. तुमच्या पाठीवर वारा असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून खाली येतं. पाळीच्या माथ्यावर कधीच बसू नये, आभाळावर तुमची आकृती उमटते. माथ्याच्या खाली, झुडपाला लागून बसायचं. कपडे मातकट घालायचे. बदकांना रंग चांगले कळतात, त्यामुळे पांढरं बनियन म्हणजे आमंत्रणपत्रिकेच्या उलटं काहीतरी. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. दहा पटीची हातात हलते आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तितकी उजळ दिसत नाही. तिपाईवरची मोठी नळी आणलीच तर नऊच्या आत काम उरकायचं. नंतर ऑक्टोबरचं ऊन पाण्यावरची हवा असं थरथरवतं, की साठ पटीत गडवाल जिलबीसारखं दिसतं.

तर उगवतीला पाठ, ईशान्येच्या वाऱ्याला पाठ, पुढे आडोसा आणि पाणी हाकेवर. आमच्या तलावाला अशी जागा एकच आहे. पूर्वेची पाळ.

"किती झाले जी?" मागून आवाज आला.

मी डोळा दुर्बिणीतून काढला नाही. मोजणी तुटली की पहिल्यापासून मोजावं लागतं. "सत्तावीस."

"बाप्पा! इतक्या सकाळीच?"

"सत्तावीस म्हणजे काहीच नाही. पूर्वी इथं हजार-हजार बसायचे."

"बसतच होते ना जी. सारा गाव बसत होता."

हे वाक्य मला खटकायला हवं होतं. पण नेमका तेव्हाच पश्चिमेकडे एक घट्ट थवा घिरट्या घालत होता. अडई, म्हणजे आमचं इथलंच बदक, असती तर पंख रुंद, उडणं संथ आणि शिट्ट्या वाजवत गेली असती. हे टोकदार पंखांचे होते, वेगात होते, आणि पाहुणे बदक जसं दोन-तीन फेऱ्या मारून, खालचा अंदाज घेऊन मगच उतरतं तसं करत होते.

"बायाही मोजता का?" आवाज जरा खालच्या पट्टीत.

"नर-मादी वेगळे मोजायला पाहिजेत खरं. पण या दिवसांत सारखेच दिसतात हो. उठल्याशिवाय कळत नाही."

मागे शांतता पसरली. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. विणीनंतर नराचा रंगीत पोशाख गळून तो मादीसारखा मळकट होतो, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला येतो तो बराचसा त्याच पोशाखात. भुवई बदकाचा नर तर भुवई परत मिळवायला निम्मा हिवाळा लावतो. तोवर त्याला ओळखायचं ते उडताना, पंखाच्या खांद्याकडच्या फिक्या निळसर-राखी रंगावरून. म्हणून उठल्यावर कळतं. एवढंच.

"सायेब," ते अखेर म्हणाले, "दंड बाराशेच हाये, का वाढला?"

तेव्हा मी मान वळवली. धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात रंगाचं रिकामं डबडं. रिकामं म्हणजे रंगाचं रिकामं, पाण्याचं भरलेलं. उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे पकडणारं गुड मॉर्निंग पथक आमच्या भागात एके काळी फार नावारूपाला आलं होतं. मला त्यांनी त्या पथकाचा एकांडा शिलेदार समजलं होतं. झुडपात दडलेला, दुर्बीणधारी, नर-मादी रकाने आखलेली वही घेऊन बसलेला. शासन या थराला जाईल यावर त्यांचा सहज विश्वास बसला, याचं मला अजून नवल वाटतं आणि थोडं नाहीही.

"काकाजी, मी पाखरं मोजतो."

"होय ना जी," ते समजूतदारपणे म्हणाले. "माह्या घरी संडास हाये. फोटोबी काढून नेला तुमच्याच मानसाईनं. पन त्यात धानाचे कट्टे ठेवले. पक्कं बांधकाम, उंदीर लागत नाई."

वही दाखवली. तिच्यात 'थापट्या ४, हळदी-कुंकू ६, वारकरी १७' असं होतं. सतरा वारकऱ्यांवर त्यांचं बोट थांबलं. "हे माळकरी लोकबी धरले का?" वारकरी हा कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी आहे हे सांगताना माझ्या आवाजात आर्जव आलं होतं. हळदी-कुंकू हेही एक बदकच, पण त्या सहाजणींबद्दल तर त्यांनी विचारलंच नाही. नुसती जीभ चावली.

मग चूक लक्षात आल्यासारखे ते मोकळे हसले. "आता समजलं. शिकारीले आले तुमी!" आणि बाजूलाच उकिडवे बसून सुरू झाले. जुने लोक कसं करत? चार काळी मडकी पालथी करून पाण्यावर सोडत. दोन-चार दिवसांत बदकं सरावली, की एखादं मडकं डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू सरकायचं आणि खालून पाय ओढायचा. मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या परवान्याचीही सोय उरली नाही, आता बदकाला हात लावला तर तुरुंग, असं सांगितलं. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली होती, हेही ऐकवलं. काकाजींनी डबडं खाली ठेवलं. "खाल्ले किती?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शिकारही नाही, पथकही नाही, तर मग हीच जागा का, असा त्यांचा शेवटचा सवाल. मी सूर्य, वारा, आडोसा सांगितलं. ते ऐकत गेले आणि चेहरा उजळत गेला. "अगा, मंग आमी दुसरं का सांगतो? उन्हाकडे पाठ, वाऱ्याकडे पाठ, म्होरं बेशरम, अना हाताशी पानी." पिढ्यान् पिढ्यांचं त्यांचं निरीक्षण आणि माझी पुस्तकं एकाच पाळीवर, एकाच झुडपात येऊन टेकली होती. जागेवर पहिला हक्क कोणाचा हे सांगायला नको. मी चटई गुंडाळली.

राग त्यांचा नाही. राग आहे तो सात वाजता तलाव नीट दिसला तेव्हाचा. कोहळी या इथल्या शेतकरी समाजाने बांधलेले हे जुने मालगुजारी तलाव बशीसारखे. एका अंगाला पाळ, दुसऱ्या अंगाला पाणी उथळ होत होत शेतात मिसळणारं. धानासाठी तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी उतरतं, काठावर चिखल आणि वीतभर पाणी उघडं पडतं, आणि तिथेच बदकं शेपट्या वर करून चरतात. तलवार बदक बुडी मारून खात नाही. डोकं पाण्यात, बूड आभाळाकडे, मान पोचेल तेवढ्या खोलीचा त्याचा संसार. त्यापलीकडे दहा फूट पाणी असलं काय आणि वीस असलं काय, त्याला ते छतासारखं निरुपयोगी. बुडी मारणाऱ्या लालसरीचं थोडं बरं चालतं.

आणि आम्ही काय केलं? गाळ काढायला यंत्र लावलं. गाळ काढावा, पाणी साठतं, शेतात पडलेला गाळ सोन्यासारखा असतो, सगळं मान्य. पण बशी खरवडून बादली केली. उथळ अंगाला उभा कडा तयार झाला. देवधान, म्हणजे काठाला आपोआप उगवणारा रानभात, गेलं, त्याच्या दाण्यावर येणारी पाखरं गेली, आणि उरलेल्या काठावर बेशरम, जे गुरंही खात नाहीत. वरून देवीविसर्जनाचे पाट आणि चिंध्या, नायलॉनच्या जाळ्यांचे सोडून दिलेले तुकडे, ज्यात पाय अडकला की पाखरू रात्रभर फडफडतं. आता पाळीवर फरशी आणि रंगीत दिवे येणार आहेत म्हणे. जिल्ह्यातल्या ढीवर, म्हणजे मासेमार, बायांनी काही तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तिथे मासेही वाढले, पाखरंही. पण दिव्यांचं टेंडर निघतं, वीतभर पाण्याचं निघत नाही.

तो टोकदार पंखांचा थवा? उतरला. मी चटई गुंडाळून, वाकून, दबकत, झाडाआडून झाडाआड निघालो तेव्हा समोरच्या पाण्यावर चाळीसेक भुवई बदकं होती, आणि दबकणारा मी दिसताच सगळी उठली. काकाजी मात्र डबडं हलवत, खोकत, सरळ त्यांच्या दिशेने चालत गेले होते. एकानेही मान वर केली नव्हती. म्हैस, ढीवर आणि डबडंवाला यांच्याशी बदकांचं काही वैर नसतं. जे लपतं तेच धोक्याचं, एवढं त्यांना कळतं.

आज पहाटे मी दुर्बीण शर्टाच्या आत घातली, घरातलं रंगाचं जुनं डबडं उचललं, आणि पाळीवरून मुद्दाम खोकत, सरळ चालत गेलो. त्रेसष्ट. नर-मादी सांगता आलं नाही, कारण एकही उठलं नाही. झुडपापाशी पोचून बसणार इतक्यात पलीकडून आवाज आला, "सायेब, तटी नोका बसू, ते सरपंचाची जागा हाये."