बिनब्रेकची गाडी आणि नववा थर

श्रावण लागला की आमच्या गिरगावच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. वाद ठरलेला: थरांवर बंधन हवं का, आणि हवं तर आमच्याच सणाला का? २०२२मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांना खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात घेऊ म्हटलं, मृत्यू झाल्यास १० लाख. तेव्हापासून एका गटाचं पालुपद, "आता खेळ आहे ना, मग गप्प बसा."

हे मी वाचतो पोलंडमधल्या बिदगोश्चमध्ये. इथलं वेड म्हणजे स्पीडवे, मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकलींची शर्यत. चार स्वार, चार फेऱ्या, मिनिटभराचा मामला. ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी गाडी आणि ब्रेकच नाही. वळणावर डावा पाय जमिनीला टेकवून मागचं चाक घसरवत न्यायचं. म्हणून त्या बुटाला पोलादी तळ. पहिल्यांदा वळणाशी उभा राहिलो तर तोंडभर माती. शेजारच्या आजोबांनी मान न वळवता रुमाल पुढे केला आणि पेनाने कार्यक्रमपत्रिकेत गुण भरत राहिले.

इथला देव म्हणजे स्पीडवे स्वार टोमाश गोलोब, याच गावचा, जन्म १९७१चा. १९९९मध्ये जगज्जेतेपद हाताशी आलं असताना व्रोत्सवाफ शहरातल्या ट्रॅकवर पडला आणि रौप्यावर अडकला. सोनं मिळालं २०१०मध्ये, एकोणचाळिशीत. १९७३नंतर प्रथमच एका पोलिश स्वाराला. एप्रिल २०१७मध्ये तो मोटोक्रॉसच्या गाडीवरून पडला, मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअर. अख्खं आयुष्य बिनब्रेकच्या गाडीवर काढलं आणि घात केला ब्रेक असलेल्या गाडीने. मला हे अजून पचत नाही.

"म्हणजे तिथेही मोडतातच की!" हे मी ग्रुपवर लिहिताच उत्तर आलं. मोडतातच. २०१२मध्ये व्रोत्सवाफच्याच ट्रॅकवर ली रिचर्डसन हा ब्रिटिश स्वार पडून गेला. पण स्वाराच्या मनगटाला दोरी असते, तो पडला की इंजिन बंद. वळणावर हवेच्या गाद्यांची भिंत. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर नसेल तर शर्यत सुरूच होत नाही. आपल्याकडे दर्जा आधी आला, बाकीचं मंडळांनी बघून घ्यायचं. वरच्या पोराला दोरी आणि हेल्मेट असतं, मान्य. पण थर कोसळतात ते खालच्यांच्या अंगावर, आणि त्यांच्याबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या चाळीतला एक जण असाच दुसऱ्या थरात होता. पंधरा वर्षं झाली. कमरेखाली संवेदना नाही, मोबाइल रिचार्जचं दुकान बसून चालवतो. या वादात तो कधी लिहीत नाही. गोलोबचा व्हीलचेअरवरचा फोटो टाकला तेव्हा मात्र त्याचा मला वेगळा मेसेज आला, "याच्या फिजिओचे पैसे कोण भरतं रे?"