वारसा मिरवण्याआधी नीट पाखडून घ्या

भारतीय वारशाचा अभिमान बाळगायचाय ना? मग पहिली गोष्ट, तो वाचायला जाऊ नका. वाचलात की फसलात. वारसा अर्धाच बरा असतो, आणि कुठला अर्धा हे घरातल्या मोठ्यांनी, गुरुजींनी आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने केव्हाच ठरवून ठेवलंय.

सुरुवात आर्यभटापासून करा, सगळे तिथूनच करतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ग्रहण सावलीमुळे लागतं हे त्याने इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलं, असा मेसेज ग्रहणाच्या दिवशी सकाळीच पुढे ढकला. ‘तेव्हा पाश्चात्त्य झाडावर राहत होते’ हे शेपूट जोडलंत तर उत्तम. (ग्रीकांचं नाव कोणी काढलं तर नेटवर्क गेल्याचं दाखवा.) मेसेज गेला की फोन ठेवा आणि कामाला लागा. वेध लागायच्या आत पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीचं पान नाहीतर दर्भ टाका. सून गरोदर असेल तर तिला आतल्या खोलीत बसवा, पडदे ओढा, विळी-सुरी लांब ठेवा. तिने काही चिरलं तर म्हणे बाळाचा ओठ फाटतो. ग्रहण सुटलं की डोक्यावरून आंघोळ करा आणि मगच आर्यभटाच्या मेसेजला किती अंगठे आले ते मोजा.

हे विसंगत आहे असं कोणी म्हणालंच, तर ठणकावून सांगा की ही कलासुद्धा प्राचीनच आहे. ज्याच्या शून्याच्या नियमांवर आपण छाती फुगवतो त्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ग्रहणाचं गणित सावलीवरूनच मांडलं, आणि त्याच ग्रंथात राहूला नाकारणाऱ्यांना श्रुतिस्मृतीच्या विरुद्ध जाता म्हणून झापलं. गणित सावलीचं, मान राहूचा. पूर्वजांकडून शिकावं तर हे!

आपल्याकडे स्त्रियांना किती मान होता हा विषय निघाला की गार्गीचं नाव ओठांवर हवं. भर सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी बृहदारण्यकोपनिषदातली गार्गी. इथे मात्र वेळेत थांबता यायला हवं. हे कशात ओवलंय, ते कशात, असं ती विचारत गेली तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाला, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. हा भाग महिला दिनाच्या भाषणात घ्यायचा नसतो, तो घरी वापरायचा असतो. ‘पाळीच्या दिवसांत देवघरात का जायचं नाही?’ असं मुलीने विचारलं की फार उपयोगी पडतो. आणि गार्गी त्यानंतर पुन्हा उभी राहिली, आणखी दोन प्रश्न टाकले, हे तर मुलीच्या कानावर चुकूनसुद्धा जाऊ देऊ नका.

सुश्रुताच्या प्लास्टिक सर्जरीचा अभिमान जरूर बाळगा. प्रेत पाण्यात कुजवून, थर खरवडून शरीर शिका असं तोच सांगतो, तेवढं जेवताना काढू नका.

जेवणावरून आठवलं. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे कधी निरखून बघू नका. तमिळनाडूतल्या सेलमकडच्या कारखान्यांत ज्या टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेकडचीच. कोलंबस १४९२ साली घरी बसला असता तर कढईत तूप आणि जिरं तेवढं उरलं असतं. इथे हजारो वर्षं पिकणारा तांदूळ आणि मूग मात्र आपल्या उपासाला चालत नाहीत. हे कुठल्या ऋषींनी ठरवलं, असं घरातल्या शेंडेफळाने विचारलं तर त्याच्या वाटीत आणखी दोन चमचे दही घाला. तोंड भरलेलं बरं.

तरीही ऐकेना, तर ‘त्यामागे सायन्स आहे’ म्हणा. कुठलं ते सांगू नका. त्यानेही भागलं नाही तर शेवटचं अस्त्र काढा: ‘आपले पूर्वज काय मूर्ख होते?’ यावर भल्याभल्यांची बोलती बंद होते. फक्त ज्या पूर्वजांनी इतर पूर्वजांना मूर्ख म्हटलं ते त्यात धरायचे नाहीत. वेदांना न मानणारा चार्वाक तर मुळीच नाही. त्याच्या नावावर खपवलेला कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला तेवढा पाठ असू द्या. त्याला निकालात काढायला तो पुरतो, आणि गृहकर्जाचे हप्ते भरताना म्हणायलाही बरा पडतो.

राहता राहिला ऋग्वेद. तिथे धोका कमी, कारण कोणी उघडतच नाही. पण दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताला जपून. ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातला तिचा अध्यक्षच जाणे, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असं त्याच्या शेवटी सरळ म्हटलंय. तेव्हा पठणस्पर्धेत नातवाला तेच सूक्त द्या, उच्चार घोटून घ्या, पहिलं बक्षीस मिळालं की फोटो स्टेटसला लावा. अर्थ विचारला तर सांगा, मुंजीनंतर.