नाक मुठीत धरून

सकाळी डोळे उघडायच्या आधी मी नाक ओढून बघतो. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. दोन्हींतून वारा सरळ गेला तर उठतो. एखादी कुरकुरली तर अंथरुणातच बसून हिशेब मांडतो: रात्री खिडकी उघडी राहिली होती का, कालची धूळ असेल का, की ती आलीच? ती म्हणजे सर्दी. आमच्या धंद्यात तिचं नाव सकाळच्या पारी घेत नाहीत.

धंदा गुरांच्या डॉक्टरचा. निदान साताऱ्याकडे आमच्या गावात तरी माझी ओळख तीच आहे. शिरवळच्या कॉलेजातून डिग्री घेऊन आलो, तेव्हा आजीनं देवापुढं साखर ठेवली होती, आता म्हशीला परगावचा डॉक्टर नको म्हणून. आणि मी येऊन बसलो रवांडात, विरुंगाच्या ज्वालामुखींच्या पायथ्याला, डोंगरी गोरिलांचं औषधपाणी बघायला. आजीला फोनवर सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मोठी वानरंच की रं."

"वानरं नव्हं गं. शेपूट नसतं त्यांना."

"आरं देवा! कुणी तोडलं?"

तिथून पुढे मी कुणाला काही समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

तर सर्दी. डोंगरी गोरिला आख्ख्या जगात हजाराच्या थोडे वर. २०१९ साली जो आकडा जाहीर झाला तो १०६३ चा. आमच्या गावच्या जत्रेत नुसत्या कुस्त्यांना याहून जास्त माणूस असतं. बरं, प्राणिसंग्रहालयात राखून ठेवलेला यांच्यातला एकही नाही. जे आहेत ते इथे आणि शेजारच्या युगांडा-काँगोच्या डोंगरांत. आणि नातं आपल्याशी इतकं जवळचं की आपली दुखणी त्यांना सहज चिकटतात. २००९ साली इथल्याच एका कुटुंबात खोकल्याची साथ आली. एक मादी आणि एक पिल्लू गेलं. तपासात सापडला तो माणसातला विषाणू, आपल्याला चार दिवस नाक पुसायला लावणाऱ्या जातीतला. ते वाचल्यापासून मला स्वतःच्या नाकाची भीती वाटते, ती आजतागायत.

म्हणून इथे नियम कडक. तोंडावर मास्क, अंतर दहा मीटर, पंधरा वर्षांखालच्या पोरांना प्रवेश नाही, आणि आजारी माणसाला वर सोडत नाहीत. पर्यटकाला तासाभराच्या दर्शनासाठी पंधराशे डॉलर मोजावे लागतात. एवढे पैसे भरलेला माणूस पायथ्याशी खोकला दाबतो ते बघण्यासारखं असतं. भर मांडवात उधारीवाला दिसल्यावर नवरीच्या बापाचं होतं तसं तोंड होतं त्याचं.

मी मुगांगा, म्हणजे इथल्या भाषेत डॉक्टर. मला पैसे पडत नाहीत, पण नाक तेच आहे. गोरिलाला सर्दी झाली की वायरलेस खडखडतो, माग काढणारे ट्रॅकर भल्या पहाटे निघतात, मी पाठीवर पेटी बांधून चार-चार तास डोंगर चढतो, शेंबडाचा रंग लिहून घेतो. मला सर्दी झाली की फोनवर एवढंच ऐकू येतं: "घरीच थांबा. इकडे फिरकू नका." सुंठ उगाळून द्यायलाही कुणी नसतं. त्या खोलीत पडल्यापडल्या मी कितीदा तरी म्हटलंय, पुढच्या जन्मी पेशंट व्हावं.

लोकांना वाटतं मी रोज बंदूक घेऊन हिंडतो. बंदूक आहे, भुलीचं इंजेक्शन फेकणारी. पण ती क्वचितच निघते. कुणी हरणासाठी लावलेल्या फासात गोरिलाचा हात-पाय अडकला, किंवा दुखणं जिवावर बेतलं, तरच हात लावायचा. बाकी जंगलाचं जंगल बघून घेईल, असा दंडक. त्यामुळे बहुतेक दिवस माझं काम म्हणजे चढणं, बघणं, लिहिणं आणि शेण गोळा करणं. शेण शब्द बरोबर नाही, पण आई फोनवर जेवताना असते म्हणून तोच पडलाय. शिवाय त्यांनी चावून टाकलेले जंगली सेलरीचे दांडे उचलायचे. त्यावरच्या थुंकीतून पुष्कळ कळतं. दुसऱ्याचं उष्टं गोळा करायला पोरगं परदेशी गेलंय, हे गावात अजून फुटलेलं नाही.

त्या दिवशी दोन्ही नाकपुड्या खणखणीत होत्या. निघालो. मी राहतो ते मुसांझे गावच आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, आणि चढण सुरू होते त्याच्याही वर. बटाट्याची शेतं संपतात, दगडी कुंपण ओलांडलं की बांबू लागतात, आणि मग खाजरी. आपल्या खाजकुयलीची थोरली जाऊ म्हणा. दोन पँटी आणि हातमोज्यांतूनही डसते. तीच पानं गोरिला पानाच्या विड्यासारखी दुमडून तोंडात टाकतात आणि आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की एवढंही जमत नाही का तुला.

इथे गोरिला, म्हणजे इथल्या भाषेत इंगागी, ओळखतात ते नाकावरून. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. वहीत नुसती नाकं काढलेली असतात, पानंच्या पानं. त्याचा परिणाम असा झाला, की मागे आईनं 'नाकीडोळी नीटस' म्हणून एका स्थळाचा फोटो पाठवला तर मी बोटांनी मोठा करून पंधरा मिनिटं नाकच बघत बसलो. डोळ्यांचं विचाराल तर आठवत नाही.

साडेतीन तासांनी कुटुंब सापडलं. त्यांच्या पुढाऱ्याला मी मनातल्या मनात आबा म्हणतो. दीडशे किलोच्या वरचं धूड, पाठीवर चंदेरी केस, आणि बसण्याची ढब हुबेहूब माझ्या आजोबांची, पारावरची. मी वाकून, नजर खाली घालून बसलो. छाती काढून डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. आजोबांसमोरही आम्ही असेच बसायचो, त्यामुळे या कामाचं वेगळं प्रशिक्षण लागलं नाही.

पेन काढलं आणि मास्कचा एक धागा नाकात शिरला.

आता कोंडी बघा. शिंक आवरण्यासाठी जो मास्क, त्यानंच शिंक आणलेली. उठून लांब जावं, तर नेमके तेव्हाच आबा सात-आठ पावलांवर येऊन बसले. दहा मीटरचा नियम आम्ही पाळतो, ते पाळत नाहीत. अशा वेळी एकदम उठायचं नसतं, पळायचं तर मुळीच नसतं. शिंकेच्या मागोमाग घशात खोकलाही येऊन थांबला. आणि खोकल्याची गोष्ट अशी, की गोरिलांच्या भाषेत तुटक तुटक खोकणं म्हणजे दम भरणं. 'हो मागं' असा अर्थ. म्हणजे मी खोकलो असतो तर एका दमात त्यांना साथ दिली असती आणि वर झापलंही असतं.

मी मास्कवरूनच नाक मुठीत घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी. आबांनी मान वळवून बघितलं आणि घसा खाकरला, सावकाश, दोन ठोक्यांत. आजोबा माजघरात येताना खाकरायचे, तस्सं. याचा अर्थ सगळं ठीक, चालू द्या. यावर उलट खाकरून हजेरी लावायची रीत आहे. घशात खोकला अडकलेला असताना खाकरायचं म्हणजे विहिरीच्या काठावर फुगडी. माझी अवस्था बघून शेजारच्या म्हाताऱ्या ट्रॅकरनं माझ्या वतीनं खाकरून दिलं. पंधरा वर्षांचा रियाज त्यांचा. आबांचं समाधान झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, एक दणदणीत वारा सोडला, आणि ते खाजरी खायला निघून गेले.

मी हळूहळू रांगत मागे गेलो, बांबूंच्या आड, चांगला पन्नास पावलं. मास्क उतरवला, कोपरात तोंड घातलं, आता हवं तेवढं शिंका म्हणून स्वतःला मोकळीक दिली.

शिंक आली नाही.

दहा मिनिटं वाट बघितली. सूर्याकडेही बघितलं, पण विरुंगात सूर्य कुठला, नुसतं धुकं. परत आलो. एकेकाचं नाक बघत तक्ता भरला: डोळे स्वच्छ, श्वास बरोबर, खोकला शून्य, शिंका शून्य. ट्रॅकर खांद्यावरून वाकून वाचत होते. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं,

"मुगांगा, यात फक्त इंगागींच्याच धरायच्या ना?"