सॅमवेलची थट्टा आणि सॅमवेलची चूक

डेव्हिड सॅमवेल हे नाव कुठे आलंच, तर इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकच्या मृत्यूच्या निमित्ताने येतं. कुकच्या मोहिमेतल्या 'डिस्कव्हरी' जहाजावरचा हा वेल्श सर्जन. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाईच्या केअलाकेकुआ खाडीत कुक मारला गेला, तेव्हा तो त्याच मोहिमेत होता. १७८६ मध्ये त्याने त्या दिवसाची हकीकत छापली. मला मात्र हा माणूस आवडतो तो त्याच्या थट्टेखोर लेखणीसाठी.

ग्विनेडिगियन या लंडनमधल्या वेल्श लोकांच्या मंडळातला हा हाडाचा वेल्श भाषाप्रेमी. १७८९ साली वेल्समधल्या कॉर्वेनच्या काव्यमेळाव्यात बक्षीस दुसऱ्याच कवीला गेलं. सॅमवेलच्या मते खरा कवी होता ट्वम ऑर नँट, गावोगावच्या लोकांसाठी बोचरी नाटकं लिहिणारा. परीक्षकांचा निकाल न पटल्यामुळे सॅमवेलने त्याला आपल्यातर्फे चांदीची लेखणी दिली. असं उघडपणे बाजू घेणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढे १७९१ च्या सुमारास लंडनच्या वेल्श मंडळींच्या अंगात मॅडॉक संचारला. वेल्श राजपुत्र मॅडॉक बाराव्या शतकात अमेरिकेला पोचला आणि त्याचे वंशज तिथे अजून वेल्श बोलतात, ही दंतकथा. यावर कडाक्याचे वाद झडले, आणि सॅमवेलने आपल्याच दोस्तांच्या त्या वादावर 'पॅडुका हंट' (पॅडुका म्हणजे वेल्श बोलणारी म्हणून सांगितली जाणारी अमेरिकेतली जमात) हे विडंबनकाव्य रचलं. त्या 'वेल्श इंडियनां'च्या शोधात जॉन एव्हान्स नावाचा तरुण मिसुरी नदीने थेट मँडन या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांपर्यंत गेला आणि १७९७ मध्ये त्याने कळवलं, असं कोणी नाहीच. अस्मितेची थट्टा परक्याने केली की लोक चवताळतात; ती भाषेवर जीव टाकणाऱ्या घरच्या माणसानेच करायला हवी. सॅमवेलने ती केली.

म्हणूनच त्याचं एक टिपण मला खुपतं. कुकच्या मृत्यूच्या हकीकतीला जोडून त्याने लिहिलं की हवाईत गुप्तरोग आमच्या खलाशांनी नेला नाही. खुद्द कुकला १७७८ मध्ये नेमकी हीच धास्ती होती. रोगी खलाशांनी तिथल्या बायकांजवळ जाऊ नये असे हुकूम त्याने काढले, आणि काही महिन्यांनी परत आल्यावर तिथे रोग दिसला तेव्हा तो हळहळला. अशा वेळी जहाजावरच्या डॉक्टरने खलाशांची वकिली करावी? दोस्तांचं वेड ज्याला अचूक दिसलं, त्याला आपल्या जहाजाचा अपराध दिसू नये, हे मला पटत नाही. औषधपाण्याचं काम त्याच्याकडे होतं, आजारी खलाशी रोज त्याच्याच डोळ्यांसमोर होते.